सांधा पुन्हा उघडण्याआधी

१९५७ साली लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या दोन संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू मुद्दाम टोचले. जखमेत पू होण्यासाठी किती जंतू लागतात, हे त्यांना मोजायचं होतं. नुसते जंतू टोचले तेव्हा पू व्हायला दहा लाखांच्या वर जंतू लागले. त्याहून कमी असले तर शरीर त्यांचा निकाल लावत होतं. मग त्यांनी त्याच जंतूंनी माखलेला रेशमी टाका त्वचेत ठेवला. या वेळी काहीशे जंतू पुरले.

जंतू तेच होते आणि माणसंही तशीच धडधाकट होती. मधे आला तो फक्त एक धागा. शरीराच्या आत परकी वस्तू असली की मूठभर जंतूही तिच्या आधाराने तग धरतात, हे या प्रयोगाने दाखवून दिलं. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात धातूचा दांडा असतो, गोळा असतो, वाटी असते, वाटीत प्लॅस्टिकचं किंवा सिरॅमिकचं अस्तर असतं. जंतूंना धरून राहायला तिथे धाग्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मिळते.

बदललेला खुबा काही वर्षांनी दुखू लागतो, सैल होतो आणि तो पुन्हा बदलायची वेळ येते. अशा वेळी सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न एकच: आत जंतू लपून बसलेत का? हा प्रश्न कसा सोडवतात आणि तो सोडवताना घाई का करायची नसते, ते या प्रकरणात पाहू.

सैल झालेला सांधा: कारणं दोन, चित्र एक

आधुनिक खुबा बदलण्याच्या ऑपरेशनची सुरुवात जॉन चार्नली यांच्यापासून धरतात. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलमध्ये त्यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी असा सांधा बसवायला सुरुवात केली. सांधा उत्तम चालला, पण सुरुवातीच्या काळात सुमारे ७ टक्के रुग्णांना जंतुसंसर्ग झाला. चार्नलींनी ऑपरेशन टेबलाभोवती गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली उभारली, सर्जनच्या श्वासाची हवा बाहेर खेचून घेणारे पोशाख आणले, एकावर एक दोन हातमोजे घालायला लावले. काही वर्षांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरलं. आज जगभरात पहिल्या ऑपरेशननंतर साधारण १ ते २ टक्के खुब्यांत संसर्ग होतो. फेरऑपरेशनात तो धोका वाढतो.

टक्का लहान असला तरी त्याचा परिणाम मोठा असतो, कारण सांधा सैल होण्याची मुख्य कारणं दोन असली तरी एक्स-रेवर ती बहुतेक वेळा सारखीच दिसतात. पहिलं कारण झीज. वाटीच्या अस्तराचे अतिसूक्ष्म कण हाडाच्या कडेला साचतात, शरीराच्या पेशी त्यांना गिळायला धावतात आणि त्या धुमश्चक्रीत भोवतालचं हाड विरघळतं. दुसरं कारण जंतू. तेही हाड पोखरतात. दोन्हींत दांड्याभोवती काळी रेघ दिसते, दोन्हींत चालताना मांडीत किंवा जांघेत दुखतं.

उपचार मात्र अगदी वेगळे. झिजेमुळे सैल झालेला भाग काढून त्याच ऑपरेशनात नवा बसवता येतो. जंतूंमुळे सैल झालेला असेल तर सगळे सुटे भाग, ते हाडाला धरून ठेवणारं सिमेंट, आजूबाजूचे खराब झालेले ऊतक काढून टाकावे लागतात, जंतू कोणता हे ओळखून त्यावर नेमकं औषध कित्येक आठवडे द्यावं लागतं. संसर्ग ओळखला गेला नाही आणि नवा सांधा बसवला, तर तो जंतूंच्या वस्तीतच बसतो आणि पुन्हा निकामी होण्याची शक्यता दाट असते. प्रत्येक फेरीत हाड आणखी कमी होतं. म्हणूनच जगभरच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, दुखणारा किंवा सैल झालेला कृत्रिम सांधा उघडण्याआधी संसर्गाचा तपास झालाच पाहिजे.

आपल्याकडे हा विषय आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलावा लागतो तो बहुतेक वेळा म्हातारपणातल्या झिजेमुळे. भारतात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो कोसळतो, ज्याला एव्हीएन म्हणतात, त्या आजाराचे रुग्ण खूप असतात आणि त्यांतले बरेच तरुण असतात. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोविडनंतर एव्हीएन झालेल्या, चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्या सर्वांना कोविडच्या उपचारात स्टिरॉइड दिलेली होती. पस्तिशीत खुबा बदललेल्या माणसाला पुढच्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता साहजिकच जास्त. शिवाय कधी मांडीच्या हाडाची मोडलेली मान स्क्रू घालून जोडलेली असते, ती जुळत नाही आणि मग खुबा बदलायचं ठरतं. त्या जुन्या स्क्रूंवरही जंतू असू शकतात.

बुळबुळीत थराच्या आत

लपलेले जंतू इतके चिवट का? घरच्या पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर हाताला लागतो. तो बायोफिल्म आहे, आणि कृत्रिम सांध्यावर तयार होतो तोही बायोफिल्मच. जंतू आधी पृष्ठभागाला चिकटतात, मग स्वतःभोवती साखरेसारखी द्रव्यं, प्रथिनं आणि डीएनए यांचं चिकट आवरण विणतात. कॅनडात आणि अमेरिकेत काम केलेल्या बिल कॉस्टरटन यांनी १९७८ मध्ये या चिकटण्याकडे जगाचं लक्ष वेधलं. १९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी सांध्यासारख्या रोपणाबद्दल मांडलं की, त्याच्या पृष्ठभागावर आधी कोण पोचतं, शरीराच्या पेशी की जंतू, यावर पुढचं बरंच ठरतं.

आवरणाच्या आतले जंतू सुस्तावतात. त्यांची वाढ मंदावते आणि बहुतेक अँटिबायोटिक्स तर वाढणाऱ्या जंतूंवरच नीट काम करतात. त्यामुळे मोकळ्या जंतूंना मारणारी मात्रा इथे तोकडी पडते. आवरणातून सुटणारे थोडे जंतू औषधाने मरतात, ठणका कमी होतो, रुग्णाला बरं वाटतं. वस्ती मात्र जागेवरच राहते. गोळ्या संपल्या की काही आठवड्यांनी दुखणं परत येतं.

या वस्तीतले नेहमीचे रहिवासी म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, त्वचेवर सगळ्यांच्याच असणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आणि त्वचेच्या तेलग्रंथींत राहणारा, मुरुमांशी संबंधित क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस. पहिला सहसा गाजावाजा करत येतो: ताप, लाली, पू. उरलेले दोघे वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतात. ताप नाही, सूज नाही, फक्त पाय टेकताना एक कळ. खरी शोधाशोध करावी लागते ती यांचीच.

आधी ऐकायचं, मग तपासायचं

सगळ्यांत स्वस्त चाचणी म्हणजे नीट विचारलेले प्रश्न.

“मावशी, पहिल्या ऑपरेशननंतर टाके किती दिवस ओले होते?”

“पंधरा दिवस ड्रेसिंग चाललं डॉक्टर. पाणी यायचं टाक्यांतून. मग गोळ्या वाढवल्या आणि सुकलं.”

“आणि ऑपरेशननंतर खुबा कधी एकदम छान वाटला होता का?”

“तसा कधी वाटलाच नाही. पहिल्यापासून आत काहीतरी दुखतंच.”

या दोन उत्तरांनी अनुभवी डॉक्टरच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. ऑपरेशननंतर जखम बराच काळ वाहिली असेल, तर त्या वाटेने जंतू आत गेले असण्याची शक्यता असते. झिजेमुळे सैल झालेला सांधा बहुधा काही वर्षं सुखाने चाललेला असतो. पहिल्या दिवसापासून दुखणारा किंवा दोन-तीन वर्षांतच सैल झालेला सांधा संशयास्पद. रात्री पडल्या पडल्याही ठणका लागतो का, हेही विचारायचं, कारण सैलपणाचं दुखणं विश्रांतीने कमी होतं. मधुमेह, संधिवाताची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, पायावरची जुनी जखम, किडलेले दात, लघवीचा संसर्ग, मागे झालेला क्षय या सगळ्यांची नोंद हवी.

जखमेच्या व्रणाजवळ एखादं बारीक छिद्र असेल आणि त्यातून अधूनमधून पाणी किंवा पू येत असेल, ते छिद्र थेट सांध्यापर्यंत पोचत असेल, तर पुढचा वाद उरत नाही. तो सांधा संसर्गित आहे. मग चाचण्या करायच्या त्या फक्त जंतूचं नाव कळण्यासाठी.

रक्त काय सांगतं

पहिल्या दोन चाचण्या गावातल्या लॅबमध्येही होतात: ईएसआर आणि सीआरपी. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात याचं माप. ही चाचणी शंभर वर्षांहून जुनी. स्वीडनच्या फारेयस आणि वेस्टरग्रेन यांनी ती १९२० च्या सुमारास रूढ केली. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की काही तासांत ते वाढतं आणि दाह शमला की लवकर उतरतं.

जुन्या, मुरलेल्या संसर्गासाठी सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आणि ईएसआर ३० पेक्षा जास्त असेल तर पुढे जायचं, असा आजचा मापदंड आहे. इथे एक साधी चूक होते. काही लॅब सीआरपी प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. एका कागदावरचे १० आणि दुसऱ्यावरचा १ हे एकच माप आहे. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवताना एकक वाचलं नाही तर वाढलेला आकडा नॉर्मल वाटू शकतो.

दोन्ही चाचण्या दाहाची बातमी देतात, पत्ता देत नाहीत. आमवात असेल, छातीत संसर्ग असेल, अलीकडे ऑपरेशन झालेलं असेल, तरी त्या वाढतात. आणि याच्या उलट, क्युटिबॅक्टेरियमसारखा मवाळ जंतू असेल तर दोन्ही नॉर्मल असूनही सांध्यात संसर्ग असू शकतो. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आले तरी रुग्णाची कहाणी संशयास्पद असेल, तर तपास थांबवायचा नसतो.

सुईच्या टोकाशी

खरी साक्ष सांध्यातल्या पाण्यात असते. गुडघा वरच्या वर असतो, त्यातून पाणी काढणं सोपं. खुबा मात्र जाड स्नायूंच्या खाली, मोठ्या रक्तवाहिनीच्या शेजारी. त्यामुळे सोनोग्राफी किंवा सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत, ऑपरेशन थिएटरइतकीच स्वच्छता पाळून लांब सुई आत घालतात. वरची त्वचा बधिर करतात, पण बधिर करायचं औषध सांध्याच्या आत सोडत नाहीत, कारण ते जंतूंची वाढ रोखू शकतं. सुईचं टोक धातूला टेकलं की हाताला कळतं. मग सिरिंज हळूहळू मागे ओढायची.

कधी पिवळं, चिकट पाणी येतं. कधी रक्तमिश्रित. कधी काहीच येत नाही. कोरडी सुई आली म्हणून सलाइन आत सोडून तेच परत ओढण्याचा मोह होतो, पण त्याने पेशींची संख्या पातळ होते आणि रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करणं किंवा ऊतकाचा तुकडा काढणं बरं.

आलेलं पाणी लगेच वाटून घ्यायचं असतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत गेलेल्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात; उरलेलं कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या, बाटल्यांत जातं. त्यातलाच एखादा थेंब लघवी तपासायच्या पट्टीवर टाकला तर दोन मिनिटांत उत्तर मिळू शकतं. पांढऱ्या पेशींतलं एस्टरेज नावाचं विकर असेल तर पट्टीचा फिका चौकोन जांभळा होतो. थेंबात रक्त असेल तर रंग वाचता येत नाही. मग पाणी आधी फिरवून रक्तपेशी खाली बसवाव्या लागतात. काही रुपयांची पट्टी इतकं सांगू शकते, हे अमेरिकेतल्या सर्जननी २०११ मध्ये मांडलं आणि जगभर ती वापरात आली.

पेशींच्या आकड्याबद्दल एक गोष्ट प्रत्येक लॅबने आणि प्रत्येक फिजिशियनने लक्षात ठेवावी अशी आहे. मूळच्या, न बदललेल्या सांध्यात जंतुसंसर्ग म्हणायला पेशी सहसा पन्नास हजारांच्या आसपास किंवा वर अपेक्षित असतात. त्या सवयीने कृत्रिम सांध्याच्या पाण्यात चार हजार पेशी दिसल्या तर “थोडा दाह आहे” असं लिहून कागद बाजूला पडतो. कृत्रिम सांध्यात, ऑपरेशनला तीन महिने उलटून गेल्यावर, ३,००० च्या वरच्या पेशी आणि त्यांतल्या ८० टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर धावून जाणाऱ्या पेशी, हे संसर्गाकडे ठामपणे बोट दाखवतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत भरून येण्यासाठीचा दाह असतोच, म्हणून तेव्हा हद्द १०,००० पेशी आणि ९० टक्के अशी वर नेलेली आहे.

अँटिबायोटिक थांबवून वाट बघणं

इतकं सगळं नीट करूनही कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत, असा रिपोर्ट येतो. याचं सगळ्यांत मोठं कारण रुग्णाने आधीच घेतलेल्या गोळ्या. आपल्याकडे खुबा दुखतोय म्हटल्यावर मेडिकलमधून किंवा गावच्या डॉक्टरकडून पाच दिवसांचा कोर्स मिळतो. दुखणं थोडं कमी होतं. त्यानंतर काढलेल्या पाण्यातले मोकळे जंतू अर्धमेले असतात, बाटलीत वाढत नाहीत. संसर्ग तसाच राहतो आणि त्याचं नाव मात्र हरवतं.

म्हणून शिफारस अशी आहे की, रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर पाणी काढण्याआधी किमान दोन आठवडे सगळी अँटिबायोटिक्स बंद असावीत. थंडी वाजून ताप, रक्तदाब घसरणं, सांधा लालबुंद आणि गरम होणं अशी लक्षणं असतील तर हा नियम लागू नाही. तिथे ताबडतोब नमुने घेऊन उपचार सुरू करावे लागतात.

पाणी लॅबमध्ये पोचल्यावरही धीर धरावा लागतो. बऱ्याच लॅबमध्ये कल्चर पाच दिवसांनी बंद करून “वाढ नाही” असा रिपोर्ट देतात. क्युटिबॅक्टेरियम सावकाश वाढणारा. त्याच्यासाठी बाटल्या चौदा दिवस ठेवाव्या लागतात. फॉर्मवर ‘कृत्रिम सांधा, १४ दिवस ठेवावे’ असं लिहिलं नाही तर लॅबला ते कळायचा मार्ग नाही. भारतात याच फॉर्मवर क्षयाचाही विचार हवा. पूर्वी खुब्याचा क्षय झालेला असेल किंवा छातीचा क्षय होऊन गेला असेल, तर त्या जंतूचं कल्चर वेगळं लावावं लागतं आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी काही तासांत उत्तर देते, पण ती मागितली तरच होते.

एक फाईल, पाच कागद

एकच चाचणी शंभर टक्के खरी ठरत नाही, म्हणून पुराव्यांची बेरीज करायची पद्धत आली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञ सर्जनांच्या संघटनेने पहिली ठोस व्याख्या ठरवली. २०१८ मध्ये तिचं गुणांवर आधारलेलं रूप आलं आणि २०२१ मध्ये युरोपच्या संघटनेने स्वतःची मांडणी दिली. २०१८ च्या पद्धतीत वाहणारं छिद्र असेल, किंवा दोन नमुन्यांत एकच जंतू वाढला असेल, तर थेट संसर्ग. तसं नसेल तर गुण मोजायचे: रक्तातली सीआरपी वाढलेली असेल तर २, ईएसआरला १, पाण्यातल्या पेशींना किंवा पट्टीच्या गडद रंगाला ३, न्यूट्रोफिलच्या टक्केवारीला २, पाण्यातली सीआरपी वाढली असेल तर १, आणि अल्फा डिफेन्सिन हे न्यूट्रोफिल पेशींतलं प्रथिन सापडलं तर ३. सहा किंवा जास्त गुण म्हणजे संसर्ग. दोन ते पाच म्हणजे अनिश्चित. शून्य किंवा एक म्हणजे नाही.

एक नमुन्याची फाईल घेऊन बघू. ती कोणा एका रुग्णाची नाही, नेहमी दिसणाऱ्या कागदांवरून मांडलेली आहे. वय ६२, चार वर्षांपूर्वी खुबा बदललेला, जांघेत दुखतं. सीआरपी १४: दोन गुण. ईएसआर ४२: एक गुण. पाण्यात पेशी २,२०० आणि पट्टीचा रंग फिका: शून्य. न्यूट्रोफिल ८४ टक्के: दोन गुण. बेरीज पाच. इथे दोन डॉक्टरांचे निर्णय वेगळे होऊ शकतात. एक डॉक्टर म्हणेल, पेशी तीन हजारांच्या आत आहेत, सांधा बदलून टाकू. दुसरा अल्फा डिफेन्सिन तपासेल आणि ते सापडलं की बेरीज आठ होईल. पाच गुणांवर नवा सांधा बसवला असता तर तो संसर्गात बसला असता. अनिश्चित म्हणजे ‘नाही’ असं समजणं ही या विषयातली सगळ्यांत महागडी चूक आहे. अनिश्चित याचा अर्थ: आणखी तपासा.

उलट बाजूचा चकवाही असतो. धातूच्या वाटीत धातूचा गोळा फिरणारे सांधे एकेकाळी खूप बसवले गेले. त्यांतला डीप्यू कंपनीचा एएसआर हा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांत वापरला होता. अशा सांध्यांतून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण झिजून भोवतालचं ऊतक मरतं. सुईतून येणारं पाणी पुवासारखं गढूळ दिसतं. मशिन त्यातले धातूचे कण आणि मेलेल्या पेशींचे तुकडे पांढऱ्या पेशी समजून मोजतं, अल्फा डिफेन्सिनही खोटं ‘आहे’ म्हणू शकतं. इथे पेशी माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली मोजाव्या लागतात आणि रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची पातळी बघावी लागते.

टेबलावरचा शेवटचा तपास

ऑपरेशनपूर्व तपास कितीही चांगला झाला तरी सांधा उघडल्यावर तो पुन्हा करायचा असतो. १९९८ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने फेरऑपरेशनांचा अभ्यास करून सांगितलं की ऊतकाचे पाच-सहा नमुने घ्यावेत, प्रत्येकासाठी वेगळं स्वच्छ हत्यार वापरावं आणि अनेक नमुन्यांत तोच जंतू आला तर तो खरा मानावा. एकाच नमुन्यात आलेला जंतू त्वचेवरून किंवा लॅबमधल्या हाताळणीतूनही आलेला असू शकतो. नुसता पू कापसाच्या काडीवर घेऊन पाठवणं पुरेसं नाही.

काढलेला धातूचा सांधाही फेकायचा नसतो. तो निर्जंतुक डब्यात द्रवात ठेवून ध्वनिलहरींनी हलवला तर बायोफिल्म सुटून द्रवात येतो आणि त्या द्रवाचं कल्चर करता येतं. २००७ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने ३३१ रुग्णांच्या काढलेल्या खुब्यांवर आणि गुडघ्यांवर हे करून पाहिलं. संसर्ग असलेल्या रुग्णांपैकी नेहमीच्या ऊतक कल्चरने सुमारे ६१ टक्के ओळखले, या पद्धतीने सुमारे ७९ टक्के. ऑपरेशनच्या आधीच्या चौदा दिवसांत ज्यांनी अँटिबायोटिक घेतलं होतं, त्यांच्यात ऊतक कल्चर ४५ टक्क्यांवर घसरलं. गोळ्यांनी पुरावा कसा पुसला जातो, ते या एका आकड्यात दिसतं.

दोन टप्प्यांच्या मधे

संसर्ग सिद्ध झाल्यावर एक मार्ग म्हणजे दोन टप्प्यांत काम. पहिल्यात सांधा काढून त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा ठेवतात. त्याला स्पेसर म्हणतात. सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची कल्पना हॅम्बुर्गच्या बुखहोल्झ यांनी १९७० च्या सुमारास रुजवली. कित्येक आठवडे औषध चालतं आणि मग दुसऱ्या टप्प्यात नवा सांधा बसतो. दुसरा मार्ग एकाच ऑपरेशनात सगळं साफ करून नवा सांधा बसवण्याचा, हॅम्बुर्गच्याच परंपरेतला. ब्रिटन आणि स्वीडनमध्ये १४० रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार दीड वर्षानंतर रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यावरून वेदना आणि हालचाल यांत फरक आढळला नाही. एका टप्प्याचं काम निवडताना जंतूचं नाव आणि त्यावर चालणारं औषध आधीच माहीत असलं तर फार मदत होते. आधीच्या तपासाची किंमत इथे पुन्हा वसूल होते.

दोन टप्प्यांच्या मधला काळ मात्र निदानाच्या दृष्टीने सगळ्यांत अवघड. संसर्ग गेला की उरलाय, हे नक्की सांगणारी एकही चाचणी आज हाती नाही. ईएसआर कित्येक महिने वर राहू शकतो. सीआरपी उतरते, पण अमुक आकड्याखाली गेली म्हणजे जंतू गेले, अशी खात्रीची रेषा नाही. स्पेसरमधून अँटिबायोटिक पाझरत असल्याने पाण्याचं कल्चर खोटा दिलासा देऊ शकतं. म्हणून अनुभवी सर्जन जखम कोरडी आणि शांत आहे का ते बघतात, सीआरपीचा एकच आकडा न धरता ती सतत खाली येते आहे का ते पाहतात, आणि दुसऱ्या टप्प्यात पुन्हा पाच-सहा नमुने घेतात. ऊतकात न्यूट्रोफिल अजून गर्दीने दिसले तर नवा सांधा न बसवता पुन्हा साफसफाई करून स्पेसर बदलतात. रुग्णाला तेव्हा निराशा येते, कारण तो नव्या सांध्याच्या आशेने टेबलावर गेलेला असतो. पण संसर्गावर बसवलेला सांधा पुन्हा काढावा लागण्यापेक्षा ही निराशा परवडते.

रुग्णाने काय करायचं

या सगळ्यात रुग्णाचा वाटा लहान नाही. पहिल्या ऑपरेशनची फाईल, सांध्याच्या कंपनीचं आणि मापाचं स्टिकर, जखम किती दिवस वाहिली याची नोंद, आधीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवावेत. बदललेला खुबा दुखू लागला तर मनाने अँटिबायोटिक घेऊ नये, आणि कोणी घाईने देत असेल तर “आधी पाणी काढून तपासायचं का?” असं विचारावं. मागच्या महिन्यात दातासाठी, घशासाठी किंवा लघवीसाठी कोणतीही गोळी घेतली असेल तर ती आठवणीने सांगावी. फेरऑपरेशन ठरत असताना तीन प्रश्न विचारायला संकोच करू नये: सांध्यातलं पाणी तपासलं का, त्यात पेशी किती होत्या, आणि कल्चर किती दिवस ठेवलं होतं?

ज्या डॉक्टरकडे या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तयार असतात, त्यांनी तुमच्या सांध्याचा विचार पूर्ण केलेला असतो. उत्तरं नसतील तर गोळ्या थांबवण्यासाठी दोन आठवडे आणि कल्चरसाठी दोन आठवडे असा महिनाभराचा वेळ मागून घ्यावा. चुकीच्या निदानावर झालेल्या एका ऑपरेशनानंतर रुग्णाची वर्षं जातात, हाड जातं आणि घरचा पैसा जातो. त्या तुलनेत प्रकृती स्थिर असलेल्या माणसासाठी एक महिना थांबणं हा या आजारातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचा उपाय आहे.